पाच लढती, एक संघ : आशियाई मिश्र सांघिक बॅडमिंटन स्पर्धेची ओळख

बॅडमिंटन हा खेळ आपल्यापैकी कोणालाच नवखा नाही. अंगणात दोन खांबांना दोरी बांधून, शाळेच्या सभागृहात पांढऱ्या पट्ट्या आखून किंवा सुटीच्या संध्याकाळी गल्लीतच आपण सर्वांनी कधी ना कधी रॅकेट हाती धरली आहे. आपल्या महाराष्ट्राशी तर या खेळाचे नाते फार जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांत हा खेळ रुळला आणि काही काळ तो 'पूना' याच नावाने ओळखला जात असे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर हे १९५६ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले.

असे असले तरी बॅडमिंटन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकटा खेळाडू उभा राहतो. नाटेकर, प्रकाश पदुकोण, पुल्लेला गोपीचंद, सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू ही नावे आपल्या ओठांवर असतात. हा खेळ संघाचाही आहे याची जाणीव आपल्याला उशिरा झाली. ती जाणीव रुजवण्यात ज्या नव्या स्पर्धांचा मोठा वाटा आहे, त्यांपैकी एक म्हणजे २०१७ साली सुरू झालेली आशियाई मिश्र सांघिक अजिंक्यपद स्पर्धा. एखादी नवी प्रादेशिक सांघिक स्पर्धा का सुरू केली जाते, ती कशी उभी राहते आणि तिच्यामुळे खेळाडूंच्या आयुष्यात काय बदलते, हे समजून घेण्यासाठी या स्पर्धेचे उदाहरण अतिशय बोलके आहे.

सांघिक बॅडमिंटनची परंपरा

जागतिक पातळीवर सांघिक बॅडमिंटनचे तीन मानाचे करंडक आहेत. पुरुषांसाठी थॉमस करंडक, महिलांसाठी उबेर करंडक आणि स्त्री-पुरुषांच्या एकत्रित संघासाठी सुदिरमन करंडक. थॉमस करंडकाला इंग्लंडचे नामवंत खेळाडू आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस यांचे नाव आहे. त्याची पहिली स्पर्धा १९४८-४९च्या हंगामात झाली आणि ती तेव्हाच्या मलायाने जिंकली. उबेर करंडकाला इंग्लंडच्या बेटी उबेर यांचे नाव असून त्याची पहिली स्पर्धा १९५६-५७ साली अमेरिकेच्या महिलांनी जिंकली. सुदिरमन करंडक त्या मानाने तरुण आहे. इंडोनेशियाच्या बॅडमिंटन संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डिक सुदिरमन यांच्या स्मरणार्थ तो १९८९ साली जाकार्ता येथे सुरू झाला आणि यजमान इंडोनेशियानेच पहिला मान पटकावला.

या तिन्ही करंडकांच्या इतिहासावर नजर टाकली तर आशियाचे वर्चस्व स्पष्ट दिसते. थॉमस करंडक युरोपात प्रथम गेला तो २०१६ साली, डेन्मार्कच्या रूपाने. सुदिरमन करंडक तर आशियाबाहेर कधी गेलेलाच नाही. असे असूनही खंडाच्या पातळीवरील सांघिक स्पर्धेत युरोप आशियाच्या कितीतरी पुढे होता. युरोपची मिश्र सांघिक स्पर्धा स्वीडनमधील कार्ल्सक्रोना येथे १९७२ साली सुरू झाली. आशियाला तशी स्पर्धा मिळण्यासाठी त्यानंतर तब्बल ४५ वर्षे लागली.

आशियात संघटना नव्हती असे मात्र नाही. आशियाई बॅडमिंटन महासंघ १९५९ साली क्वालालंपूर येथे स्थापन झाला. १९६२ साली पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९६५ साली ती आपल्या लखनौ शहरात झाली आणि भारताच्या दिनेश खन्ना यांनी पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. सुरुवातीच्या काळात या स्पर्धेसोबत सांघिक विभागही असे, पुढे तो मागे पडला. आशियाई क्रीडा स्पर्धांत सांघिक पदके होती, परंतु त्या चार वर्षांतून एकदा येतात. मधल्या काळात आशियातील लहानमोठ्या देशांना एकमेकांशी संघ म्हणून झुंजण्याची नियमित संधी हवी होती.

नव्या स्पर्धेचा जन्म

ही उणीव दोन टप्प्यांत भरून निघाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये हैदराबाद येथे पुरुष आणि महिला यांच्या स्वतंत्र आशियाई सांघिक स्पर्धा भरल्या. पुरुषांत इंडोनेशिया आणि महिलांत चीन विजेते ठरले. भारताच्या पुरुष संघाने उपांत्य फेरी गाठून कांस्यपदक मिळवले. त्यानंतर एका वर्षाने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरात पहिली मिश्र सांघिक स्पर्धा झाली. जपानने अंतिम लढतीत दक्षिण कोरियाला ३-० असे नमवून पहिले विजेतेपद आपल्या नावे केले. भारताची वाटचाल उपांत्यपूर्व फेरीत थायलंडसमोर थांबली.

या मांडणीमागे एक साधा हिशेब आहे. थॉमस आणि उबेर करंडकाच्या स्पर्धा सम वर्षी होतात, सुदिरमन करंडक विषम वर्षी. म्हणून आशियाने सम वर्षी पुरुष आणि महिलांच्या स्वतंत्र स्पर्धा आणि विषम वर्षी मिश्र स्पर्धा असा क्रम लावला. महिना निवडला तो बहुतेक वेळा फेब्रुवारी, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या काही महिने आधीचा. त्यामुळे आशियाई स्पर्धा ही जागतिक स्पर्धेची पूर्वतयारी झाली, आणि पुढे जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळवण्याचा मार्गही झाली. नवी स्पर्धा सुरू करताना तारखेचा विचार किती महत्त्वाचा असतो हे यावरून कळते. जी स्पर्धा वरच्या पायरीशी जोडलेली असते, तिच्याकडे खेळाडू आपोआप वळतात. जी एकाकी असते, तिला दरवर्षी नव्याने विनवण्या कराव्या लागतात.

पाच लढतींचे गणित

मिश्र सांघिक सामन्यात दोन संघांमध्ये पाच लढती होतात : पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. ज्याच्या तीन लढती, त्याचा विजय. साखळी फेरीत निकाल लागला तरी पाचही लढती खेळवल्या जातात, कारण गटातील क्रम ठरवताना प्रत्येक लढतीचा हिशेब लागू शकतो. बाद फेरीत मात्र एका संघाने तिसरी लढत जिंकली की सामना तेथेच संपतो.

नियम एवढाच, पण त्यात मोठा अर्थ दडलेला आहे. पाच लढतींत खेळाडूंच्या एकूण आठ जागा असतात आणि त्यांपैकी चार स्त्रियांच्या असतात. केवळ पुरुषांच्या बळावर संघाला दोनच लढती जिंकता येतात, एकेरीची आणि दुहेरीची. तिसऱ्या लढतीसाठी एका तरी स्त्रीची रॅकेट लागतेच. उलट बाजूनेही तेच खरे आहे. म्हणजे स्त्री-पुरुष समानतेवर भाषण न करता हा नियम ती समानता मैदानावर आणून उभी करतो. मुलींच्या सरावाकडे दुर्लक्ष करणारा देश या स्पर्धेत फार पुढे जाऊ शकत नाही.

दुसरे गणित एकेरी आणि दुहेरीचे. पाचपैकी तीन लढती दुहेरीच्या आहेत. एखाद्या देशाकडे जगातील सर्वोत्तम पुरुष आणि सर्वोत्तम महिला एकेरी खेळाडू असले, तरी केवळ एकेरीवर तो दोनच्या पुढे जात नाही. भारताची नेमकी हीच अडचण होती. सायनाने २०१२ साली आणि सिंधूने २०१६ साली ऑलिंपिक पदके आणली, परंतु दुहेरीकडे आपल्याकडे दुय्यम म्हणून पाहिले जाई. प्रसिद्धी, पारितोषिके, प्रशिक्षकांचा वेळ हे सर्व एकेरीच्या वाट्याला जात असे. नियमित सांघिक स्पर्धांनी ही दुखरी जागा वर्षानुवर्षे उघडी पाडली. दरवर्षी संघ निवडायचा म्हणजे दुहेरीच्या जोड्या तयार ठेवणे भाग पडते.

दुबईतील धडा

२०१९ साली दुसरी स्पर्धा हाँगकाँग येथे 'टोंग युन काई करंडक' या नावाने झाली. अंतिम सामन्यात चीनने जपानला ३-२ असे हरवले. भारताने तेथे दुय्यम फळीचा संघ पाठवला होता आणि तो साखळीतच बाद झाला. येथे नव्या स्पर्धेपुढील खरी कसोटी दिसते. खेळाडूंचे वेळापत्रक आधीच गच्च भरलेले असते, वैयक्तिक स्पर्धांत गुण आणि पैसा मिळतो, सांघिक स्पर्धेत देशाचा मान मिळतो. मोठे खेळाडू आले नाहीत तर करंडकाला तेज चढत नाही, आणि तेज नसेल तर ते येत नाहीत. हा फेरा तोडायला वेळ लागतो. त्यातच २०२१ साली चीनमधील वूहान येथे ठरलेली स्पर्धा कोविडच्या साथीमुळे रद्द झाली. रोप रुजत असतानाच एक पावसाळा कोरडा जावा तसे झाले.

२०२३ साली दुबईत मात्र भारताने पूर्ण ताकदीचा संघ उतरवला. साखळीत कझाकस्तान, संयुक्त अरब अमिराती आणि मलेशिया यांना हरवून भारत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर हाँगकाँग होते. मिश्र दुहेरीची पहिली लढत भारताने गमावली. त्यानंतर लक्ष्य सेनही हरला. ०-२ अशी पिछाडी असताना एक लढत गेली असती तरी सारे संपले असते. अशा वेळी मुंबईचा चिराग शेट्टी आणि ध्रुव कपिला ही जोडी मैदानात उतरली. चिरागचा नेहमीचा साथीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी दुखापतीमुळे नव्हता, म्हणजे ही जोडी ऐनवेळी जुळवलेली होती. त्यांनी आपली लढत जिंकली. पाठोपाठ सिंधू जिंकली आणि निर्णायक पाचवी लढत त्रिसा जॉली व गायत्री गोपीचंद या तरुण मुलींनी जिंकून दिली. भारत ३-२.

या विजयाने भारताला या स्पर्धेतील पहिले पदक निश्चित झाले. उपांत्य फेरीत चीनविरुद्ध तर चित्र उलटेच दिसले. एच. एस. प्रणॉय आणि सिंधू हे दोन्ही आधारस्तंभ एकेरीत हरले, आणि ध्रुव-चिराग व त्रिसा-गायत्री या दुहेरीच्या जोड्यांनी सामना २-२ असा बरोबरीत आणला. अखेरची मिश्र दुहेरी गेल्याने भारत २-३ असा हरला आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. ज्या दुहेरीला आपण दुबळी बाजू म्हणत होतो, तिनेच त्या दिवशी संघाला सावरले होते. या स्पर्धेचे विजेतेपद चीनने दक्षिण कोरियाला ३-१ असे नमवून मिळवले.

शह आलमचा सुवर्णक्षण

सांघिक स्पर्धेचे खरे सामर्थ्य पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, मलेशियातील शह आलम येथे दिसले. ही सम वर्षाची, म्हणजे पुरुष आणि महिलांची स्वतंत्र स्पर्धा होती. या प्रकारात तीन एकेरी आणि दोन दुहेरी लढती असतात. दुखापतीतून सावरलेली सिंधू संघात परतली होती. तिसऱ्या एकेरीसाठी मात्र हरियाणातील फरिदाबादची अनमोल खरब होती. वय १७, आणि जागतिक क्रमवारीत ती चारशेच्याही खाली.

साखळीत चीनविरुद्ध सामना २-२ झाला. निर्णायक लढत अनमोलच्या वाट्याला आली आणि ती जिंकली. उपांत्य फेरीत जपानविरुद्ध पुन्हा २-२, पुन्हा अनमोल, पुन्हा विजय. १८ फेब्रुवारी रोजी थायलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात सिंधूने आणि त्रिसा-गायत्री जोडीने भारताला २-० अशी आघाडी मिळवून दिली, पण पुढच्या दोन लढती हातच्या गेल्या. तिसऱ्यांदा सारा भार त्याच मुलीच्या खांद्यावर आला. तिने ती लढत २१-१४, २१-९ अशी जिंकली आणि भारताच्या महिला संघाने आशियाई सांघिक विजेतेपद प्रथमच मिळवले.

वैयक्तिक स्पर्धेत चारशेच्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूला मुख्य फेरीत प्रवेशही सहसा मिळत नाही. सांघिक स्पर्धेत मात्र नामांकित खेळाडूचा गुण आणि अनोळखी मुलीचा गुण यांचे मोल अगदी सारखे असते. एकीने कीर्ती मिळवावी आणि दुसरीने टाळ्या वाजवाव्यात असे येथे चालत नाही. सिंधूने अंतिम दिवशी आपली लढत जिंकली, पण करंडक हाती येण्यासाठी तिलाही त्या मुलीची वाट पाहावी लागली. दोन वर्षांपूर्वी, मे २०२२ मध्ये, बँकॉक येथे भारतीय पुरुषांनी इंडोनेशियाला ३-० असे हरवून थॉमस करंडक जिंकला होता, तेव्हाही हेच घडले होते. एकेरीच्या दोन लढतींच्या मधली अत्यंत चुरशीची दुहेरी सात्विक-चिराग जोडीने खेचून आणली होती.

मार्ग नेहमी वर चढणारा नसतो, हेही खरे. २०२५ साली चीनमधील छिंगदाओ येथे मिश्र सांघिक स्पर्धेत भारत उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून ०-३ असा पराभूत झाला. यजमान चीनला अंतिम सामन्यात ३-१ असे हरवून इंडोनेशियाने हा करंडक प्रथमच जिंकला. आतापर्यंतच्या या चार मिश्र स्पर्धांपैकी एक जपानने, दोन चीनने आणि एक इंडोनेशियाने जिंकली आहे. यावरून स्पर्धेतील चुरस लक्षात यावी.

आपल्या अंगणापर्यंत

वाचकहो, हे सर्व मोठ्या देशांचे आणि मोठ्या मैदानांचे झाले. परंतु या स्पर्धेचे गणित इतके सुटसुटीत आहे की ते गावपातळीवरही जसेच्या तसे लागू पडते. आपल्या युवामंडळांनी किंवा शेजारच्या चार-आठ धर्मग्रामांनी मिळून अशी सांघिक स्पर्धा भरवायची ठरवली, तर काय लागेल याचा थोडा हिशेब मांडून पाहू.

प्रथम संघ. एका खेळाडूला एका सामन्यात जास्तीत जास्त दोन लढती खेळू द्याव्यात असा नियम ठेवला, तर दोन मुलगे आणि दोन मुली एवढ्यांत पूर्ण संघ उभा राहतो. एक मुलगा एकेरी व दुहेरी खेळेल, दुसरा दुहेरी व मिश्र दुहेरी. मुलींचेही तसेच. आठ जागा बरोबर भरतात. शक्य असेल तर चारऐवजी सहा-आठ जण घ्यावेत, म्हणजे कोणावर ताण पडणार नाही आणि घरी बसणाऱ्यांची संख्या कमी होईल.

मग वेळ. आठ संघ आहेत असे धरू. चार-चारचे दोन गट केले तर प्रत्येक गटात सहा सामने, म्हणजे साखळीचे बारा सामने होतात. त्यात दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळवला की पंधरा. प्रत्येक सामन्यात पाच लढती धरल्या तर जास्तीत जास्त ७५ लढती होतील. एका लढतीला सरावासह सरासरी ३५ मिनिटे धरल्यास हे जवळपास ४४ तास होतात. दोन कोर्ट असतील तर २२ तास. शनिवार-रविवार असे दोन दिवस प्रत्येकी अकरा तास खेळवले तरच हे जमेल, आणि रविवारची सकाळ तर मिस्सेसाठी मोकळी ठेवावी लागणार. तेव्हा एकतर तिसरे कोर्ट शोधावे, किंवा साखळीच्या लढती २१ गुणांच्या एकाच गेमच्या ठेवून उपांत्य फेरीपासून तीन गेम खेळवावेत, किंवा स्पर्धा दोन आठवड्यांत विभागावी. उत्साहाच्या भरात हा हिशेब राहून जातो आणि मग अंतिम सामना मध्यरात्री रिकाम्या सभागृहात खेळला जातो.

अलीकडे आणखी एक पद्धत पुढे आली आहे. २०२४ साली चीनमधील नानछांग येथील जागतिक कुमार मिश्र सांघिक स्पर्धेत संपूर्ण संघाचे गुण एकत्र मोजण्यात आले. पहिल्या खेळाडूने गुण जेथे सोडले तेथून दुसऱ्याने पुढे न्यायचे आणि जो संघ ११० गुण आधी गाठेल तो विजयी. वेळेचा अंदाज त्यात बराच नेमका बांधता येतो. शिवाय हरणाऱ्या खेळाडूने मिळवलेला प्रत्येक गुण संघाच्या कामी येतो, त्यामुळे नवशिक्यांना धीर देण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे.

जागेचा विचारही करावा लागतो. पूर्ण कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते. जाळे खांबांपाशी १.५५ मीटर उंच असते. शटलचे वजन अवघे पाच ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पंख्याची झुळूकही त्याची दिशा बदलते. सभागृहात खेळ सुरू असताना पंखे बंद ठेवावेत, आणि छत पुरेसे उंच आहे ना हे आधीच एक उंच फटका मारून पाहावे. संघांची नावे सामन्यापूर्वी एकाच वेळी लेखी घ्यावीत, म्हणजे समोरचा संघ पाहून ऐनवेळी फेरबदल करण्याचा मोह राहणार नाही आणि वादही टळतील.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवी स्पर्धा पहिल्या वर्षी थाटात सुरू होते, दुसऱ्या वर्षी तिचा उत्साह ओसरतो आणि तिसऱ्या वर्षी करंडक कपाटात धूळ खात राहतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. आशियाई स्पर्धेनेही दुय्यम संघ आणि रद्द झालेले वर्ष असे दोन्ही धक्के सोसले. ती टिकली ती ठरलेल्या क्रमामुळे, साध्या नियमामुळे आणि वरच्या पायरीशी असलेल्या नात्यामुळे. आपणही तारीख निश्चित ठेवली, नियम सोपे ठेवले आणि जिंकणाऱ्या संघाला पुढे तालुका किंवा जिल्हा पातळीवर खेळण्याची वाट दाखवली, तर रोप नक्की रुजेल.

कोणत्या गावातील कोणती मुलगी पाचव्या लढतीत संघाचा भार पेलण्याच्या योग्यतेची आहे, हे आज कोणालाच ठाऊक नाही. ते कळण्यासाठी सामना २-२ असा बरोबरीत यावा लागतो, आणि त्या क्षणी तिच्या हाती रॅकेट असावी लागते. तेवढी संधी तिला मिळवून देणे हे मात्र आपल्या हाती आहे.